टाइलमधली फट किती ठेवायची, हे टाइललाच विचारा

अ‍ॅडहेसिव्ह कालवून झालेलं असतं, मिस्त्री पहिली ओळ लावायला गुडघ्यांवर बसलेला असतो आणि तेव्हा तो मान वर करून विचारतो, "जॉइंट किती ठेवू?" तोवर घरातल्यांनी टाइलचा रंग, चकाकी, आकार यांवर कित्येक दिवस घालवलेले असतात. या प्रश्नाकडे मात्र कुणाचं लक्ष गेलेलं नसतं. मग बहुतेकांच्या तोंडून एकच उत्तर निघतं: "जितका कमी होईल तितका कमी ठेवा."

त्या उत्तरामागची इच्छा मला कळते. सलग, अखंड दिसणारी फरशी सगळ्यांनाच हवी असते आणि मधल्या रेघा नजरेत अडथळा वाटतात. पण ती रेघ म्हणजे टाइल लावून झाल्यावर उरलेली जागा नव्हे. टाइलच्या आकारातला फरक तिथे जिरतो, दोन कडांच्या उंचीतली तफावत तिथे लपते, खालच्या काँक्रीटच्या हालचालीचा थोडा ताण ती घेते, आणि ग्राउट, म्हणजे फटीत भरायचा मसाला, नीट आत जाऊन बसायला जागाही तीच देते. म्हणून फट कमीत कमी किती हवी, हे तुम्ही आणलेली टाइल ठरवते. तुमची आवड त्याच्या पुढे सुरू होते. कमीत कमी ३ मिमी लागत असेल तर ३ ठेवायची, ४ की ५, हे तुम्ही खुशाल ठरवा. २ चा पर्याय मात्र तुमच्या हातात राहिलेला नसतो.

एकाच खोक्यातल्या दोन टाइल सारख्या का नसतात

टाइल म्हणजे दाबून आकार दिलेली आणि भाजलेली माती. पोर्सिलेन टाइल सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजली जाते आणि भाजताना साधारण ७ ते ८ टक्के आकसते. म्हणजे ६०० मिमीची टाइल हवी असेल तर कच्ची लादी ६५० मिमीच्या आसपासची दाबावी लागते. भट्टीतून जाताना प्रत्येक लादी जवळजवळ ५० मिमीने लहान होते. आता भट्टीच्या कडेला थोडी कमी आच लागली, मातीत किंचित जास्त ओल राहिली, दाब कणभर कमी पडला, की त्या पन्नासात अर्धा-एक मिमीचा फरक पडणारच. हा कारखान्याचा निष्काळजीपणा नाही, तो मातीचा स्वभाव आहे.

म्हणून कारखाने भाजलेल्या टाइल मोजून गटांत वेगळ्या करतात. खोक्यावर शेडच्या क्रमांकाशेजारी कॅलिबर नावाचा आणखी एक आकडा छापलेला असतो, तो याच गटाचा. शेड जुळवायची हे लोकांना माहीत असतं, कॅलिबरकडे फारसं कुणी बघत नाही. दोन वेगळ्या कॅलिबरची खोकी एका खोलीत मिसळली तर कितीही कसलेला मिस्त्री असो, चौथ्या-पाचव्या टाइलनंतर ओळ सरकू लागते.

दुसरा उपाय म्हणजे भाजून झाल्यावर चारही कडा घासून नेमक्या मापात आणणं. अशा टाइलला रेक्टिफाइड म्हणतात. तिच्या कडा सरळ आणि काटकोनात असतात, आकारातला फरक अगदी थोडा उरतो. "कमीत कमी फट" हे स्वप्न पाहायचं असेल तर ते याच टाइलवर पाहता येतं. साध्या, घासून न घेतलेल्या टाइलची कड किंचित गोलसर आणि उतरती असते. तिथे फट ३ मिमी ठेवली तरी वरून ती ४-५ मिमीची भासते, कारण डोळा कडेचा उतारही फटीतच धरतो. दुकानात मांडलेल्या नमुन्यावरून रुंदी ठरवताना ही गोष्ट हमखास फसवते.

आणखी एक बारकावा. खोक्यावर ६०० × ६०० लिहिलेलं असलं तरी टाइल तेवढीच असेल असं नाही. ते बरेचदा नुसतं ओळखीचं माप असतं आणि प्रत्यक्षातली टाइल ५९८ किंवा ५९७ मिमी भरते. पुढचा सगळा हिशेब प्रत्यक्षातल्या मापावर करायचा.

तिपटीचा नियम

अमेरिकेत टाइलकामासाठी एएनएसआय ए१०८ नावाची मानकं वापरतात. त्यांतला एक नियम इतका सोपा आणि कामाचा आहे की तो कुठल्याही देशातल्या, कुठल्याही टाइलला लावता येतो: हाती आलेल्या टाइलच्या आकारात जेवढा फरक असेल, त्याच्या किमान तिप्पट फट ठेवायची. फरक १ मिमी असेल तर ३ मिमी, दीड असेल तर साडेचार. आणि फरक अगदी नगण्य निघाला तरी फट १.६ मिमीच्या, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाच्या खाली कधीच न्यायची नाही.

तिप्पटच का? आकडे मांडून बघू. समजा सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लहान टाइल यांत १ मिमीचा फरक आहे. चांगला मिस्त्री दोरी लावून प्रत्येक टाइल तिच्या ठरलेल्या चौकोनाच्या मधोमध बसवतो. मोठी टाइल सरासरीपेक्षा अर्धा मिमी मोठी, म्हणजे प्रत्येक बाजूला पाव मिमी बाहेर येणार. दोन मोठ्या टाइल शेजारी आल्या की त्यांच्यातली फट अर्ध्या मिमीने कमी होते आणि दोन लहान शेजारी आल्या की अर्ध्या मिमीने वाढते. फट ३ मिमी ठरवली असेल तर ती कुठे अडीच आणि कुठे साडेतीन होईल. उभ्याने बघणाऱ्याला हे जाणवत नाही. पण फट १ मिमीच ठरवली असेल, तर तीच फट एका ठिकाणी अर्धा मिमी आणि दुसऱ्या ठिकाणी दीड मिमी होते, म्हणजे तिप्पट. टाइल त्याच, मिस्त्री तोच, फरकही तेवढाच. अरुंद फटीने तो उघडा पाडला, रुंद फटीने झाकला. चार कोपरे जिथे एकत्र येतात तिथे तर हे आणखी ठळक दिसतं, कारण उभी आणि आडवी दोन्ही रेघ एकाच बिंदूवर जराशी तुटते आणि नजर थेट तिथेच जाते.

तुमच्या टाइलमधला फरक शोधायला दहा मिनिटं पुरतात. चार-पाच वेगवेगळी खोकी उघडा आणि त्यांतून दहा-बारा टाइल घ्या. एकाच खोक्यातल्या घेऊ नका, त्या साहजिकच एकमेकींना जवळच्या असतात. प्रत्येकीची लांबी आणि रुंदी दोन-दोन ठिकाणी मोजा. लहान टाइलला व्हर्नियर पुरतो. मोठ्या टाइल एका सरळ भिंतीला किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला टेकवून शेजारी-शेजारी उभ्या करा, उंचीतला फरक बोटालाही कळतो. सर्वांत मोठं माप वजा सर्वांत लहान माप, गुणिले तीन. झालं. हा आकडा हाती असेल तर मिस्त्रीच्या प्रश्नाला "कमीत कमी ठेवा" असं मोघम उत्तर द्यावं लागत नाही.

लांब पट्ट्यांची गोष्ट वेगळी आहे

लाकडासारख्या दिसणाऱ्या २०० × १२०० च्या पट्ट्या सध्या फार लोकांना आवडतात, आणि तक्रारीही त्यांच्याच जास्त ऐकू येतात. इथे लांबी-रुंदीतला फरक ही मुख्य अडचण नसते, अडचण असते ती वाकाची. लांब पट्टी भाजताना मधोमध किंचित उचललेली राहते, धनुष्यासारखी. १२०० मिमीच्या पट्टीत १ मिमीचा बाक असणं यात नवल काही नाही. दोन पट्ट्या समोरासमोर, तोंडाला तोंड लावून धरा आणि बाजूने बघा. बाक असेल तर टोकांकडे उजेडाची फट दिसते. आणि ती एका पट्टीच्या बाकाच्या दुप्पट असल्यामुळे चटकन दिसते.

आता या पट्ट्या विटांच्या मांडणीत, म्हणजे प्रत्येक ओळ निम्म्याने सरकवून लावल्या की काय होतं? एका पट्टीचं उंच पोट नेमकं शेजारच्या पट्ट्यांच्या खाली गेलेल्या टोकांशेजारी येतं. बाकाचा सगळ्यात उंच आणि सगळ्यात सखल भाग एकमेकांना चिकटून बसतात. पायाला ठेच लागते, आडव्या उजेडात सावली पडते आणि दोष मिस्त्रीच्या माथी येतो. त्याने जमीन आरशासारखी सपाट केली असती तरी हे टळलं नसतं.

म्हणून त्याच अमेरिकी मानकात म्हटलं आहे की जिची सरकवलेली बाजू १५ इंचांपेक्षा, म्हणजे साधारण ३८० मिमीपेक्षा लांब आहे, अशी टाइल एकतृतीयांशापेक्षा जास्त सरकवू नये. फटीचंही माप दिलेलं आहे: रेक्टिफाइड असेल तर किमान ३ मिमी, नसेल तर किमान ५ मिमीच्या आसपास, आणि लांब कडेला जेवढा बाक असेल तेवढी त्यात भर. १ मिमी बाकाच्या रेक्टिफाइड पट्टीला म्हणजे ४ मिमी झाले. फट रुंद असली की दोन कडांमधला चढ पायाला आणि डोळ्याला उतारासारखा वाटतो. अरुंद फटीत तोच चढ पायरी होतो. लेव्हलिंग क्लिप आणि पाचरी मारून पट्ट्या समान पातळीवर धरता येतात, आणि मोठ्या टाइलसाठी त्या वापराव्याच. पण क्लिप टाइलला सरळ करत नाही. भाजलेला बाक तसाच राहतो. क्लिपच्या पायाची जाडी म्हणजे स्पेसर, म्हणजे फट सारखी राहावी म्हणून टाइलमध्ये ठेवायचा ठरावीक जाडीचा तुकडा, असंही समजू नये, कारण टाइल सरकवताना ती थोडी इकडेतिकडे होते. फटीचं माप स्पेसरनेच धरायचं.

फट आणि प्रसरण: अर्धं खरं

"फट ठेवली की फरशीला प्रसरण पावायला जागा मिळते." हे वाक्य इतकं रुळलं आहे की त्यातली चूक चटकन ध्यानात येत नाही. फट मोकळी असती तर जागा मिळाली असती. पण आपण ती ग्राउटने भरतो, आणि सिमेंटचं ग्राउट वाळल्यावर कडक होतं. ते रबरासारखं दबत नाही.

मग किती हालचाल होते ते पाहू. टाइल मीटरमागे, तापमानाच्या प्रत्येक अंशाला, साधारण ०.००७ मिमी वाढते. गच्चीवरची गडद टाइल पहाटे १५ अंशांवर आणि दुपारी ६० अंशांवर असेल, तर ६ मीटरच्या ओळीत जवळजवळ २ मिमीची वाढ होते. घरातल्या घरात तापमान इतकं बदलत नाही, पण तिथे काँक्रीट आकसतं. नवीन काँक्रीट वाळताना मीटरमागे साधारण अर्धा मिमी आक्रसतं, म्हणजे ६ मीटरला ३ मिमी, आणि हे काही आठवड्यांत संपत नाही, महिनोन्महिने चालू राहतं. वर चिकटलेली टाइल तर आकसायला तयार नसते. खालचा तळ लहान होत जातो, वरची चादर तेवढीच राहते, आणि ती दोन्ही बाजूंनी दाबली जाते.

एकमेकींना चिकटवून लावलेल्या टाइलमध्ये हा दाब थेट कडेवरून कडेवर जातो. कडांचे टवके उडतात, किंवा दाब साचत जाऊन एखाद्या दिवशी मोठा आवाज होतो आणि दोन टाइल तंबूसारख्या उभ्या राहतात. मधे ग्राउट असेल तर ते टाइलपेक्षा मऊ असल्यामुळे थोडा ताण पोटात घेतं. त्यामुळे तीन मिमीची भरलेली फट शून्य फटीपेक्षा नक्कीच सुरक्षित आहे. पण तीच फट ६ मिमी केली म्हणून संकट टळलं असं मानू नये.

खरी हालचाल घेतात ते मऊ सांधे, ज्यांना सगळे एक्स्पान्शन जॉइंट म्हणतात. त्यांत ग्राउट भरायचं नसतं, सिलिकॉनसारखा लवचिक सीलंट भरायचा असतो. उत्तर अमेरिकेच्या टाइल काउन्सिलची हस्तपुस्तिका घराच्या आत साधारण दर ६ ते ७.५ मीटरवर, आणि ऊन किंवा ओल थेट लागते तिथे दर २.५ ते ३.५ मीटरवर असा सांधा सोडायला सांगते. त्याशिवाय जिथे फरशी भिंतीला, खांबाला किंवा उंबऱ्याला भिडते तिथेही. खाली काँक्रीटमध्ये आधीच सांधा असेल तर तो वर टाइलमध्येही तसाच चालू ठेवायचा, त्याच्यावरून टाइल आडवी टाकायची नाही.

भिंतीलगतची फट हा यातला सर्वांत सोपा आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा भाग आहे. तिथे ६ ते १० मिमी मोकळी जागा सोडली की वरून स्कर्टिंग येतं आणि ती दिसतही नाही. पण कामाच्या शेवटी उरलेलं अ‍ॅडहेसिव्ह, मसाला, तुकडे तिथेच लोटले जातात आणि ती जागा दगडासारखी घट्ट होते. मला टाइलकामातलं एकच काम स्वतः उभं राहून बघायला सांगितलं, तर मी स्कर्टिंग लावण्याआधी ही कडेची फट रिकामी आहे का ते बघेन.

ग्राउट कुठलं, हे रुंदी ठरवते

सिमेंटचं ग्राउट ढोबळपणे दोन प्रकारचं. बिनवाळूचं ग्राउट गुळगुळीत आणि बारीक असतं, ३ मिमीपर्यंतच्या फटीत चांगलं बसतं. त्याहून रुंद फटीत ते वाळताना आकसतं आणि केसासारख्या चिरा पडतात, कारण त्याला आतून धरून ठेवणारे कण नसतात. वाळूचं ग्राउट ३ मिमीपासून पुढे. वाळूचे कण आकसणं रोखतात. पण तेच कण दीड मिमीच्या फटीत तोंडाशीच अडकतात, ग्राउट तळापर्यंत जात नाही, वरून भरलेलं दिसतं आणि काही महिन्यांत पापुद्र्यासारखं सुटतं. संगमरवरासारख्या मऊ, घोटलेल्या दगडावर वाळूमुळे ओरखडेही उठतात. आता १ मिमीपासून १० मिमीपर्यंत चालणारी मिश्रणंही मिळतात, तेव्हा पिशवीवरची मर्यादा वाचून घेणं उत्तम. इपॉक्सी ग्राउट पाणी शोषत नाही, डाग धरत नाही, पण ते घट्ट असतं आणि दीड-दोन मिमीपेक्षा अरुंद फटीत ते दाबून भरणं फार जिकिरीचं.

अरुंद फट स्वच्छ राहते या समजुतीचं उत्तरही इथेच आहे. एक मिमीच्या फटीत ग्राउट धड आत गेलेलं नसतं, म्हणून तिथे पोकळी राहते, आणि पोकळीत पाणी, साबण, माती साठते. तीन मिमीची गच्च भरलेली फट पुसली की पुसली जाते. आणि किती जागा वाचते तेही बघा: ६०० मिमीच्या टाइलला २ मिमीची फट ठेवली तर फरशीचा साधारण दोनतृतीयांश टक्का भाग ग्राउटचा असतो, ३ मिमीला एक टक्का. एकतृतीयांश टक्क्यासाठी आपण सगळा धोका पत्करत असतो.

फट किती खोल भरली जाते, हेही रुंदीइतकंच महत्त्वाचं. टाइल दाबताना अ‍ॅडहेसिव्ह फटीतून वर येतं. ते ओलं असतानाच खरवडून काढायचं, टाइलच्या जाडीचा निदान दोनतृतीयांश भाग ग्राउटसाठी रिकामा हवा. स्पेसरही काढून घ्यायचे. ते आत ठेवून वरून ग्राउट भरलं की प्रत्येक कोपऱ्यात थर पातळ राहतो आणि तिथे वेगळ्या छटेचा ठिपका उमटतो. पाणी पिशवीवर सांगितलंय तेवढंच घालायचं. जास्त पाण्याने कालवायला सोपं जातं, पण ग्राउट कमजोर होतं आणि रंग डागाळतो.

ओळींचा हिशेब

फट एका जागी ३ मिमी असते, पण ती पुन्हा पुन्हा येते. तिची बेरीज विसरली की शेवटच्या भिंतीशी दोन बोटांची पट्टी उरते.

खोलीची रुंदी ३०५० मिमी आहे, टाइल प्रत्यक्षात ५९८ मिमीची, फट ३ मिमी. भिंतीला चिकटून सुरुवात केली तर पाच टाइल आणि मधल्या चार फटी मिळून ३००२ मिमी होतात. उरले ४८. त्यांतून दोन्ही भिंतींलगतची ६-६ मिमी आणि एक फट वजा केली की ३३ मिमीची पट्टी कापावी लागते. ती कापताना तुटते, लावताना तिला आधार नसतो आणि भिंत जराही वाकडी असेल तर ती पट्टी ते सगळ्यांना दाखवते. तीच मांडणी मधोमध धरून केली, म्हणजे चार पूर्ण टाइल आणि दोन्ही टोकांना सारखे तुकडे, तर प्रत्येक टोकाला साधारण ३१५ मिमीचा अर्ध्याहून मोठा तुकडा येतो. टाइलचा खप किंचित वाढेल, खोली मात्र व्यवस्थित दिसेल.

अशा वेळी "फटी थोड्या मोठ्या करून पट्टी संपवू" असं सुचवलं जातं. मोठ्या टाइलला ते जमत नाही. चार-पाच फटींत एकेक मिमी वाढवून फार तर ५ मिमी हाती लागतात. लहान टाइलला मात्र हा मार्ग खरोखर उपयोगी आहे. ७५ मिमी उंचीच्या टाइलच्या ३१ ओळी भिंतीवर लावायच्या असतील तर मधे ३० फटी येतात. २ ऐवजी ३ मिमी ठेवली की ३० मिमीचा फरक पडतो, जवळजवळ अर्धी टाइल. खिडकीची चौकट, नळाची उंची, छताची कड यांच्याशी रेघ जुळवायला एवढं पुरतं. म्हणून लहान टाइल लावायच्या भिंतीवर काम सुरू करण्याआधी एका सरळ पट्टीवर टाइल आणि फटींच्या खुणा करून ती भिंतीला उभी लावून बघावी.

भिंतीवरची रेघ जमिनीवरच्या रेघेत उतरावी, अशी हौस असेल तर तीही आधी कागदावर तपासा. जमिनीवर ६०० ची टाइल आणि भिंतीवर ३०० ची, दोन्हीकडे ३ मिमीची फट, हे जुळेलसं वाटतं. पण जमिनीवर एक टाइल आणि एक फट मिळून ६०३ मिमी होतात, आणि भिंतीवर दोन टाइल व दोन फटी मिळून ६०६. पाच टाइलनंतर रेघ १५ मिमीने चुकलेली असते. काही कारखाने लहान टाइल फटीचा हिशेब धरूनच थोडी कमी मापाची बनवतात, तेव्हाच ती जुळते. जुळणार नसेल तर मुद्दाम वेगळ्या मापाची टाइल घ्यावी. थोडीशी हुकलेली रेघ सर्वांत वाईट दिसते.

कुठे किती

आता ढोबळ आकडे. घराच्या आत रेक्टिफाइड मोठी टाइल, सरळ मांडणी: भिंतीवर २ मिमी, जमिनीवर ३. ब्रिटिश मानक बीएस ५३८५ सुद्धा भिंतीला किमान २ आणि जमिनीला किमान ३ मिमी धरतं. ३ मिमी म्हणजे मिस्त्रीच्या भाषेत साधारण एक सूत, इंचाचा आठवा भाग. साधी, न घासलेली टाइल: ३ ते ५. हाताने घडवलेली किंवा भाजक्या मातीची लाल लादी: ६ ते १०, तिथे फरक इतका असतो की रेघ सरळ धरण्यापेक्षा तिचा मध्य सरळ धरायचा. घोटलेला संगमरवर: दीड ते दोन. गच्ची, अंगण, ऊन खाणारा ओटा: मी ५ च्या खाली जाणार नाही. मोझाइकचे छोटे तुकडे जाळीवर चिकटवूनच येतात, म्हणून तिथे फट आधीच ठरलेली असते. तिथे एकच काळजी, दोन जाळ्यांमधली फट आतल्या फटीएवढीच पडली पाहिजे, नाहीतर प्रत्येक जाळीचा चौकोन लांबूनही वेगळा दिसतो.

न्हाणीघराच्या जमिनीवर मी अजूनही लहान टाइल सुचवतो. जास्त फटींमुळे ओल्या पायाला पकड मिळते, आणि पाणी जाण्याच्या जाळीकडे चारही बाजूंनी उतार द्यायचा असतो तो लहान तुकड्यांनाच सहज जमतो. मोठी टाइल त्या उतारावर कापूनच बसवावी लागते.

आणि रुंद फट डोळ्यांना खुपते, ही खंत उरतेच. तिच्यावर रुंदी कमी करण्यापेक्षा चांगला उपाय आहे तो रंगाचा. टाइलच्या रंगातलीच, किंचित गडद छटा घेतली की ३ मिमीची रेघ दोन पावलांवरून मिसळून जाते. पांढऱ्या टाइलमध्ये काळं ग्राउट भरलं तर दीड मिमीची रेघही ठळक दिसते आणि तिची प्रत्येक चूक मोठी करून दाखवते. छटा निवडताना पुठ्ठ्यावरच्या नमुन्यावर विसंबू नका. चार टाइल एका फळीवर ठरवलेल्या फटीने चिकटवा, ग्राउट भरा, दोन दिवस पूर्ण वाळू द्या, कारण ओलं ग्राउट नेहमी गडद दिसतं. मग ती फळी त्याच खोलीत जमिनीवर ठेवा आणि दारात उभं राहून बघा, एकदा सकाळी खिडकीतून आडवा उजेड येतो तेव्हा आणि एकदा रात्री दिव्यात.

तीच फळी पुढे मिस्त्रीच्या हाती द्यायची. फट किती, रंग कुठला, ग्राउट कडांपासून किती खाली, हे सगळं तिच्यावर आहे. भिंत आणि जमीन जिथे मिळते त्या कोपऱ्यांत आणि उभ्या कोपऱ्यांत ग्राउट भरू नका, त्याच रंगाचं सिलिकॉन भरा, हे तेवढं त्याला तोंडी सांगायचं.